गावच्या बाजारासाठी लाकडी सांगाड्याची शेड बांधायचीय? पहिल्यांदाच करताय तर हे वाचा

घरं बांधण्यात हात बसलेला सुतार बाजाराची शेड करायला घेतो तेव्हा एक गोष्ट त्याच्या लक्षातून सुटते, ती म्हणजे घराला भिंती असतात. कोकणातल्या घराचा लाकडी सांगाडा वाऱ्यात हलत नाही त्यात जांभ्याच्या भिंतींचा वाटा मोठा असतो. बाजाराला भिंती नकोच असतात, चारी बाजूंनी माणूस आत आला पाहिजे, टोपली बाहेरून दिसली पाहिजे, हवा खेळली पाहिजे. म्हणजे खांब उभे करणं सोपंच आहे, वरच्या चार-पाच टनांच्या कौलांसकट ते सरळ उभे ठेवायचे हा सगळा खेळ. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः कोकण-गोव्याकडच्या आठवडी बाजारांसाठी आहे, कारण पाऊस, वारा, वाळवी नि लाकूड हे सगळं तिकडचं धरलंय. देशावर बांधणार असाल तर उतार नि वळचण थोडी कमी चालेल, बाकी तत्त्व तेच.

पायरी १ : आधी बाजारात जाऊन बसा

ड्रॉइंग काढायच्या आधी टेप घ्या नि बाजाराच्या दिवशी सकाळी सहाला जा, आणि माणसं जागा कशी वापरतात ते मोजा. भाजीवाली मावशी बसते तेव्हा तिला गोणपाटासकट लांबीला साधारण पाच फूट नि खोलीला चार-पाच फूट लागतात, मागे रिकामी टोपली नि डबा ठेवायला फूटभर वेगळा. मधली वाट आठ फुटांपेक्षा कमी ठेवली की दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक वाकलं की चालणाऱ्याला जागाच राहत नाही, म्हणून दहा फूट धरा. डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईला वळचणीखालून न वाकता आत यायला साडेसात फूट तरी मोकळे हवेत, हे आर्किटेक्ट लोक हमखास विसरतात कारण ते डोक्यावर पाटी घेऊन कधी आलेले नसतात.

दोन्ही बाजूंना पाच-पाच फुटांचे बसायचे पट्टे नि मधे दहा फूट वाट म्हणजे रुंदी झाली वीस फूट. लांबीला दर दहा फुटांवर खांबांची जोडी, म्हणजे एका खणात एका बाजूला दोघी आरामात बसतात. चार खणांची शेड चाळीस फुटांची होते, खांब दहा, कैच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) पाच, बसायच्या जागा सोळा. पहिल्या कामाला एवढंच पुरे, पुढे गरज पडली तर लांबीला खण जोडत जाता येतं, आपल्या जुन्या वाड्यांचं सगळं मोजमाप खणांतच चालायचं ते याच सोयीसाठी. पुढचे सगळे आकडे ह्याच वीस बाय चाळीसच्या शेडचे आहेत.

मासळीवाल्यांना ह्या शेडमध्ये घेऊ नका. राग नको, कारण सरळ आहे, तिथे दिवसभर खारं पाणी सांडतं, धुणं चालतं, नि लाकडाच्या तळाला नि बोल्टांना हे दोन्ही वाईट. त्यांना सिमेंटचा ओटा, उतार नि गटार अशी वेगळी सोय करा, आणि ती आधी करा, नाहीतर पहिल्याच बाजारी त्या इथेच येऊन बसतील नि मग उठवायची कोणाची हिंमत होणार नाही.

पायरी २ : कागद

हे कंटाळवाणं आहे म्हणून पटकन सांगतो. जागा नक्की कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर किंवा गावठाणात असेल तर नमुना आठवर बघा. गायरान असेल तर कलेक्टर ऑफिसच्या परवानगीशिवाय एक खड्डा पण मारू नका. ग्रामसभेचा ठराव घ्या, त्यात शेड कोण सांभाळणार हे पण लिहून घ्या. पंचायतीच्या पैशातून करणार असाल तर अंदाजपत्रक नि तांत्रिक मान्यता लागते, आणि इथे पहिली अडचण येते, साहेबांच्या एक्सेल शीटमध्ये लोखंडी पाइप नि पत्र्याची शेड तयार असते, लाकडी कैची नसते. भांडू नका. भारतीय मानक आयएस ८८३ हे लाकडी बांधकामाच्या डिझाइनसाठीच आहे, नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये लाकूड नि बांबूचा वेगळा भाग आहे, आणि सीपीडब्ल्यूडीनं (केंद्राचं सार्वजनिक बांधकाम खातं) स्वतःच्या कामांत लाकूड वापरण्यावर १९९३ पासून असलेली बंदी २०२० मध्ये उठवली, एवढं घेऊन गेलात की बोलणं निदान सुरू तरी होतं. स्ट्रक्चरल इंजिनियरची सही घ्यायचीच, इथे शंभर माणसं डोक्यावर छप्पर घेऊन उभी राहणार आहेत, हे गोठ्याचं काम नाही.

पायरी ३ : सांगाडा समजून घ्या, मॉडेल करून

बांबूच्या काड्या घ्या, टाचण्या घ्या, आणि चार खांब, वर चौकट असं छोटं मॉडेल करा. आता वरच्या कोपऱ्याला बोटानं ढकला. आगपेटीचं रिकामं कव्हर दाबल्यावर जसं तिरकं बसतं तसंच हे बसेल. आता प्रत्येक खांब नि तुळई यांच्या कोपऱ्यात एक तिरपी काडी लावा, पंचेचाळीस अंशात, नि परत ढकला. फरक तुमच्या बोटालाच कळेल. गावकऱ्यांच्या मीटिंगला हे मॉडेल घेऊन जा, "हे तिरपे टेकू काढून टाका, मधे येतात, लाकूड वाचेल" असं म्हणणारा एक जण प्रत्येक मीटिंगला असतोच, त्याच्या हातात मॉडेल द्या.

टेकू दोन्ही दिशांना हवेत, हे नीट ऐका. रुंदीच्या दिशेला प्रत्येक खांबाला एक, आणि लांबीच्या दिशेला मधल्या खांबांना दोन्हीकडे, टोकाच्या खांबांना एकीकडे. आपल्या शेडला रुंदीचे दहा नि लांबीचे सोळा असे सव्वीस होतात. टेकूचं खालचं टोक तुळईपासून अडीच ते तीन फूट खाली येऊ दे, दहा फुटी खांबावर ते सात फुटांच्या वर राहतं नि खांबाला चिकटून असतं, कोणाच्या डोक्याला लागत नाही. बहुतेक लोक रुंदीचे लावतात नि लांबीचे विसरतात, मग पाचही कैच्या एका ओळीत, एकाच दिशेला, हळूहळू कलायला लागतात.

ही काही आपल्याच डोक्यातली आयडिया नाही. फ्रान्समध्ये मिली-ला-फोरे गावात १४७९ चा लाकडी बाजार आहे, भिंती नाहीत, खांब नि भलंमोठं उतरतं छप्पर, आणि आत वर बघितलं की तिरप्या टेकूंचं जंगल दिसतं. इंग्लंडमध्ये लेडबरीचं मार्केट हाउस १६१७ मध्ये बांधायला घेतलं, ते सोळा खांबांवर उभं आहे, खाली बाजार नि वर धान्य साठवायची खोली. आपल्याकडच्या गाजलेल्या मंडया, मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट (१८६९) नि पुण्याची मंडई (१८८६), ह्या दगडी, म्हणून लाकडी बाजार म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं चित्रच येत नाही. पण वाड्यांमधे खांब नि तुळईच्या कोपऱ्यात जे कोरीव हस्त दिसतात, तेही त्याच कोपऱ्याला आधार देतात, फक्त आखूड असतात, कारण बाकीचं काम भिंती करतात.

पायरी ४ : लाकूड

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात नि सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून जरा लांबण लावतो.

खांब नि तुळयांना साग चांगलाच, पण सगळं सागाचंच हवं असं नाही. कोकणातल्या जुन्या घरांत ऐन, किंजळ, फणस भरपूर वापरलेला दिसतो. ऐन जड नि ताकदवान, पण वाळताना चिरा पडतात नि वळतो, म्हणून नीट वाळलेलाच घ्यायचा. फणस हाताला मऊ, कामाला गोड. आंब्याचं लाकूड स्वस्तात मिळतं म्हणून कोणी दिलं तर फळ्या नि पेट्या करा, सांगाड्यात घालू नका, किडा लागतो. रिपांना (कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) पोफळ किंवा जुना माड चालतो, माडाचं फक्त बाहेरचं कडक घ्यायचं, आतलं भुसभुशीत टाकायचं. बाकी झाडांचं बरोबर उलटं, तिथे आतला गाभा टिकतो नि सालीजवळचं पांढरं लाकूड वाळवी आधी खाते.

गावातली झाडं तोडून करू असं डोक्यात असेल तर थांबा. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा १९६४ च्या यादीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, खैर, जांभूळ, हिरडा अशी सगळी नेहमीची झाडं आहेत, स्वतःच्या मालकीच्या जमिनीतलं असलं तरी वनविभागाची परवानगी लागते नि वाहतुकीला पास लागतो. वखारीतून घेतलं तरी पावती नि पासची कॉपी मागून घ्या, पंचायतीचं काम आहे, उद्या कोणीतरी माहितीच्या अधिकारात विचारणारच. वनविभागाच्या नि एफडीसीएमच्या (राज्याचं वन विकास महामंडळ) डेपोंमधे लिलावात चांगला साग मिळतो, चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अयोध्येच्या मंदिरासाठी गेला तो पेपरात वाचला असेल, पण तिथून कोकणात आणायचं ट्रकभाडं धरून मगच तुलना करा.

माझं मत विचाराल तर पहिला शोध जुन्या लाकडाचा घ्या. गावोगाव जुनी घरं पाडून स्लॅब टाकतायत, त्यातले खांब नि भालं (तुळया) पन्नास-शंभर वर्षं छपराखाली वाळलेली असतात, आता ती आणखी वळणार नाहीत. रिसॉर्टवाले नि गोव्याकडचे व्यापारी आधीच पोचलेले असतात, पण गावच्या बाजारासाठी म्हटलं की एखादं घराणं एक-दोन खांब असंच देऊन टाकतं. जुनं लाकूड घेताना तीन ठिकाणी बघायचं. खांबाचा तळ, जिथे ओल बसते तिथे पटाशीचं टोक दाबा, लोण्यासारखं आत गेलं तर तेवढा भाग कापून टाकावा लागणार. तुळईची टोकं, जी भिंतीत गाडलेली होती. आणि जुन्या खाचा, कारण मधोमध मोठी खाच असलेली तुळई त्या जागी अर्ध्या जाडीचीच समजायची. सॉ मिलला द्यायच्या आधी खिळे काढून घ्या, मिलवाल्याचं पातं तुटलं की तो पुढचं लाकूड हातात घेत नाही.

नवं कापलेलं लाकूड हवेवर वाळवायचं तर जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष असा ठोकताळा आहे. सहा इंची खांबाला सहा वर्षं कोण थांबणार, म्हणून खांब अर्धवट वाळलेले चालवून घेतात, रिपा-वासे मात्र पूर्ण वाळलेले पाहिजेत नाहीतर कौलांची ओळ नागमोडी होते. थप्पी लावताना जमिनीपासून फूटभर वर, प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या, टोकांना शेण किंवा मेण फासायचं, कारण पाणी टोकांतून सगळ्यात जोरात उडतं नि तिथेच चिरतं.

किती लागेल? आपल्या शेडचा कच्चा हिशोब असा की सहा बाय सहा इंचाचे दहा फुटी खांब, खांबाला अडीच घनफूट, दहाचे पंचवीस. एका कैचीला साधारण चौदा, पाचांचे सत्तर. लांबीच्या तुळया, आढं, पर्लिन (वाशांखालची आडवी लाकडं), वासे, टेकू, रिपा सगळं धरून दोनशेच्या पुढे जातं, तूट धरून २४० घनफुटांचं बजेट करा. हे मापं इंजिनियर बदलेल, बदलू दे, पण वखारीत जाताना हातात काहीतरी आकडा हवा.

वाळवी-किड्याचं औषध म्हणून छपराखालच्या लाकडाला बोरॅक्स नि बोरिक ॲसिडचं पाणी चांगलं, ते माणसाला फार त्रासाचं नाही, पण पावसाच्या पाण्यानं धुऊन जातं त्यामुळे उघड्यावरच्या भागाला उपयोग नाही. आर्सेनिकवालं हिरवट ट्रीटमेंट केलेलं लाकूड किंवा क्रिओसोट बाजारात नको, तिथे लोक खाण्याच्या वस्तू टेकवून ठेवतात. काजूच्या टरफलाचं तेल कोकणात जुन्या काळापासून लावतात, होड्यांनासुद्धा, ते वळचणीकडच्या वाशांच्या टोकांना लावा, पण हातमोजे घालून, कातडी भाजते नि काळी पडते.

पायरी ५ : जोतं नि तळखडा

खांब थेट जमिनीत पुरू नका, काँक्रीटमध्ये तर अजिबात नको, लोकांना वाटतं काँक्रीटमध्ये मजबूत बसेल, पण काँक्रीट नि लाकडाच्या फटीत पाणी शिरतं, बाहेर यायला वाट नसते, खांब आतून कुजतो नि वरून ठणठणीत दिसतो. जुन्या लोकांनी काळ्या दगडाचा तळखडा ठेवून त्यावर खांब उभा केला तो ह्याच कारणानं. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर घ्या, तळखडा जोत्यापेक्षा आणखी फूटभर वर, म्हणजे फरशी धुतली तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही आणि वाळवी चढायला लागली तर तिची मातीची नळी दगडावर उघडी दिसते. जांभ्याचा तळखडा करू नका, जांभा पाणी पितो.

फक्त दगडावर ठेवलेला खांब खाली दाबला जातो तोवर ठीक आहे. वाऱ्यानं वर उचलला तर? ते पुढे येतंय, पण त्यासाठी पायात काँक्रीटमध्ये गॅल्वनाइज्ड लोखंडी पट्टी बसवायची, ती तळखड्यातून वर येऊन खांबाच्या खाचेत जाते नि आडवे दोन बोल्ट. समुद्र जवळ असेल तर स्टेनलेस ३१६ चे बोल्ट घ्या, महाग पडतात, घ्याच. साधं लोखंड ऐन-सागाच्या टॅनिननं काळं पडतं नि गंजतं. पट्टी बसवताना खांबाचा तळ नि दगड यांच्यात अर्धा इंच हवा खेळेल असं ठेवा.

पायरी ६ : कैची नि सांधे

वीस फुटांच्या रुंदीला किंगपोस्टची कैची बरोबर बसते, साधारण पंचवीस फुटांपर्यंत ती चालते, त्यापुढे दोन उभ्या दांड्यांची क्वीनपोस्ट. आता नव्या माणसाचा हमखास घोटाळा सांगतो. कैचीच्या मधोमध जो उभा दांडा दिसतो तो आढ्याचं वजन खाली आडव्या तुळईवर सोडतो असं बघणाऱ्याला वाटतं, म्हणून सुतार तो तुळईवर नुसता टेकवून ठेवतो. खरं उलट आहे. दोन तिरपे हात वरती एकमेकांवर रेलतात, त्यांच्यामधे तो दांडा लटकतो, आणि तो खालच्या तुळईला मधोमध वर धरून ठेवतो. म्हणजे त्या दांड्यात ताण आहे, दाब नाही, नुसता टेकवलेला सांधा ताणात उघडतो. म्हणून त्याच्या तळाशी लोखंडी पट्टा यू आकारात तुळईखालून घालून दोन्हीकडे बोल्ट करायचा. हे एवढं जरी सुताराला समजावून सांगितलंत तरी अर्धं काम झालं. खालची आडवी तुळई पण ताणातच असते, तिरपे हात खांबांना बाहेर ढकलू बघतात ते ती धरून ठेवते, म्हणून ती मधे जोडलेली नको, अखंड घ्या.

खांब-तुळईचा सांधा भोक नि कुसवाचा. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी तासून मधे जो भाग ठेवतात ते कुसू, त्याची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश, सहा इंचाला दोन इंच. भोक पटाशीनं सरळ उभं, गुण्या लावून तपासत. मग खुंटी. खुंटीचं भोक तुळईत आधी गिरमिटानं पाडा, कुसू आत घाला, भोकातून त्यावर खूण करा, बाहेर काढा, आणि कुसवातलं भोक त्या खुणेपेक्षा दोन मिलिमीटर खांद्याच्या (कुसू जिथून सुरू होतं त्या) बाजूला सरकवून पाडा. खुंटी ठोकली की ती वाकडी वाट काढत जाते नि कुसवाला आत ओढून सांधा आवळते, पुढे लाकूड सुकून आखडलं तरी सैल होत नाही. उलट्या बाजूला सरकवलंत तर सांधा खुंटीनंच उघडेल, म्हणून पहिलं भोक टाकाऊ तुकड्यावर करून बघा. खुंट्या खैर किंवा बाभळीच्या, पूर्ण वाळलेल्या, टोकाला निमुळत्या.

पाचही कैच्या सपाट जागेवर एकाच आराखड्यावर करा. शाळेच्या मैदानावर किंवा समाजमंदिराच्या फरशीवर कैचीचं पूर्ण मापाचं चित्र खडूनं काढायचं, पहिली कैची त्यावर बसवायची, बाकीच्या तिच्यावर ठेवून जुळवायच्या. आणि प्रत्येक सांध्यावर दोन्ही तुकड्यांना तोच नंबर पटाशीनं कोरा, पेन्सिलीच्या खुणा पावसाच्या एका सरीत जातात.

पायरी ७ : उभारणी

सागाची एक कैची अडीचशे किलोच्या आसपास भरते, ऐनाची तीनशेच्या वर. दहा-बारा माणसं उचलतील, पण दहा फूट उंचीवर धरून कुसू भोकात उतरवणं हे माणसांच्या ताकदीचं काम नाही, चेन पुली भाड्यानं आणा नि तिला टांगायला तीन पायांचं मजबूत तिकाटणं करा. आधी दोन टोकांच्या खांबजोड्या, ओळंबा दोन बाजूंनी लावून, तात्पुरत्या बांबूंनी चारीकडून ताणून. मग मधल्या. लांबीच्या तुळया नि त्यांचे टेकू बसल्याशिवाय एकही कैची वर घ्यायची नाही. पहिली कैची चढली की तिला दोरांनी दोन्हीकडे बांधा, एकटी उभी कैची ही सगळ्यात धोकादायक वेळ, पडली तर ती आडवी पडते नि खाली बघे उभे असतात. बघ्यांना लांब ठेवायला एक कडक माणूस नेमा, शक्यतो निवृत्त पोलीसपाटील. हेल्मेट सगळ्यांना. दारू प्यायलेला कितीही चांगला सुतार असला तरी त्या दिवशी घरी.

काम मार्च-एप्रिलमध्ये उभं करायचं, मे महिन्यात कौलं. जून आला की खेळ संपला.

पायरी ८ : छप्पर नि वारा

मंगलोरी कौलाला उतार तीस अंशांपेक्षा कमी नको, सुताराच्या भाषेत फुटाला सात इंच. कोकणात आठ करा. वळचण खांबाबाहेर तीन फूट, दोन्ही टोकांना दोन-दोन फूट. तरी आडव्या पावसात पागोळ्या आत येणारच, दक्षिण-पश्चिमेच्या बाजूला आषाढ-श्रावणात झापं किंवा शेडनेट बांधायला आधीच आकडे ठेवा.

ह्या छपराचं क्षेत्रफळ तेराशे चौरस फुटांच्या वर जातं, चौरस मीटरला पंधरा-सोळा कौलं धरली की एकोणीसशे, तूटफूट धरून एकवीसशे मागवा. एक कौल अडीच किलो धरलं तर पावणेपाच टन, नि भिजल्यावर आणखी. लोक म्हणतात एवढं जड छप्पर उडणार कसं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडच्या लोकांनी बघितलंय ते कसं उडतं. हिशोबच करा. मानकात वाऱ्याचा दाब काढायला वेगाचा वर्ग गुणिले ०.६ असं सूत्र आहे, मुंबईसाठी धरलेला वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ११८ किलोचा जोर, छपराच्या आकारानुसार तो कमीजास्त होतो. कौलं नि लाकूड मिळून चौरस मीटरला साठ-पासष्ट किलो. बंद घरात वारा वरूनच जातो, उघड्या शेडमध्ये तो खालून पण उचलतो. म्हणून वासा तुळईला नुसता खिळ्यानं नको, पट्टीनं बांधा, कैची खांबाला पट्टीनं, खांब पायाला पट्टीनं. कौलापासून पायापर्यंत ओढ कुठेच तुटता कामा नये. वळचणीच्या, आढ्याच्या नि टोकांच्या ओळीतली कौलं तारेनं रिपेला बांधा, आधी तीच उडतात. टोकाच्या दोन्ही खणांत वाशांच्या खालून तिरप्या पट्ट्या मारा.

माकडं. हा विषय टाळून चालत नाही. ज्या गावात माकडांचा त्रास आहे तिथे कौलं दरवर्षी फुटतात, म्हणूनच लोक पत्र्याकडे गेले, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. खाली पातळ पत्रा नि वर रिपा मारून कौल असं केलं तर कौल फुटलं तरी गळत नाही, ऊनही कमी लागतं, फक्त खर्च वाढतो. नुसता पत्रा घालायचा ठरला तर वरच्या वजनाचा आधार गेला, मग पट्ट्या नि बोल्ट आणखी दमदार लागतील, इंजिनियरला तसं स्पष्ट सांगा.

पायरी ९ : आग, वीज आणि पुढची देखभाल

लाकूड म्हणजे जळणार, हा आक्षेप येतोच. जाड लाकूड बाहेरून मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास कोळसा होत जातं नि आतलं तग धरून राहतं, म्हणजे सहा इंची खांबाला पळायला वेळ असतो, आणि उघडं लोखंड साडेपाचशे-सहाशे डिग्रीला निम्मी ताकद घालवून बसतं. तरी वडापावची शेगडी नि सिलेंडर ह्या छपराखाली नको, वीस फूट बाजूला त्यांचा वेगळा कट्टा. वायरिंग पाइपातून, खांबाला खिळे मारून लोंबत्या वायरी घ्यायला कोणालाच परवानगी नाही, आणि बॅनर बांधायला पण नाही, त्यासाठी वेगळे आकडे द्या नाहीतर निवडणुकीच्या महिन्यात तुमच्या खांबांची चाळण होईल.

दरवर्षी वैशाखात शाकारणी करायची, त्याच वेळी फुटकी कौलं बदलायची, खुंट्या ठोकून बघायच्या, बोल्ट आवळायचे (पहिली दोन वर्षं लाकूड आखडतं, हमखास सैल होतात), तळखड्यांवर वाळवीच्या नळ्या आहेत का बघायचं. शंभर कौलं नि वीस खुंट्या पंचायतीच्या खोलीत राखीव ठेवा, त्याच मापाचं कौल पुढे मिळेलच असं नाही. सोळा जागांची जी काय बाजार फी ठरेल तिचा ठरावीक हिस्सा शाकारणीसाठी वेगळ्या खात्यात, आणि तो ठराव शेड उभी राहायच्या आधी, पहिल्या ग्रामसभेतच करून घ्या, उद्घाटनाचा नारळ फुटल्यावर त्या विषयाला कोणी हात लावत नाही.